भृकुटी, कोटिक आणि विषाचा पत्ता

श्रावणात काशीला गेलेल्या माणसाला गंगा नेहमीच्या जागी भेटत नाही. ती पायऱ्या चढून वर आलेली असते, घाटाघाटांना जोडणारी खालची वाट पाण्याखाली गेलेली असते आणि यात्रेकरूला गल्ल्यांतूनच फिरावे लागते. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाच्या मागच्या अशाच गल्ल्यांत, जिथे पिढ्यान् पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली, एका दिव्याखाली मी बराच वेळ उभा होतो. दिव्यावर किडे जमले होते आणि किड्यांसाठी खाली तीन भेक बसले होते. भेक म्हणजे खडबडीत कातडीचा, उड्या मारण्यापेक्षा खुरडत चालणारा, जमिनीवरचा बेडूक. त्यातला एक अगदी दिव्याच्या उजेडात होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर काळ्या काठाचे हाडाचे उंचवटे होते, कुणी काजळाने भुवया कोरून ठेवाव्यात तसे. त्या भुवयांमुळे तो सारखा रागावल्यासारखा दिसत होता.

त्या दिवशी सुश्रुतसंहितेतले एक नाव मला आठवले आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलेले नाही. हा लेख त्या नावाबद्दल आहे. पण तिथे पोचण्यासाठी कोलंबियाच्या जंगलातून जावे लागेल.

सुश्रुतसंहितेची परंपरा काशीची. काशिराज दिवोदास, ज्याला धन्वंतरी म्हटले आहे, वानप्रस्थाश्रमात असताना औपधेनव, वैतरण, औरभ्र, पौष्कलावत, करवीर्य, गोपुररक्षित आणि सुश्रुत हे शिष्य त्याच्याकडे जातात आणि तो त्यांना शल्यप्रधान आयुर्वेद शिकवतो, अशी ग्रंथाची चौकट आहे. हा ग्रंथ एका माणसाने एका बैठकीत लिहिलेला नाही. त्यात अनेक थर आहेत, आणि आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत स्थिरावले असे अभ्यासक मानतात. नेपाळात इ.स. ८७८ सालची त्याची हस्तलिखित प्रत सुरक्षित आहे. सुश्रुत म्हटले की आपल्याला कापलेले नाक जोडण्याची शस्त्रक्रिया आठवते. सभांमधून, शाळांच्या भिंतींवरून आणि अलीकडे मोबाइलवरून तीच फिरते. याच ग्रंथात ‘कल्पस्थान’ नावाचा आठ अध्यायांचा एक विभाग आहे. तो पूर्णपणे विषांबद्दल आहे आणि मला तो नाकाच्या शस्त्रक्रियेइतकाच रोचक वाटतो.

कल्पस्थानाच्या शेवटच्या अध्यायात लहानसहान विषारी जीवांची मोजदाद आहे. विंचू ३० प्रकारचे, कोळी १६ प्रकारचे, गोमा ८, मुंग्या ६, माश्या ६, डास ५. या गर्दीत ८ बेडूक आहेत. त्यांची नावे अशी: कृष्ण, सार, कुहक, हरित, रक्त, यववर्णाभ, भृकुटी आणि कोटिक. काळा, हिरवा, तांबडा, सातूच्या रंगाचा, अशी निम्मी नावे रंगांवरून पडलेली आहेत. यांच्या दंशाने त्या जागी खाज सुटते आणि तोंडातून पिवळा फेस येतो, असे ग्रंथ सांगतो. शेवटचे दोघे, भृकुटी आणि कोटिक, अधिक घातक. त्यांच्या बाबतीत याशिवाय दाह, वांती आणि मोठी मूर्च्छा येते. चरकसंहितेच्या विषचिकित्सेच्या अध्यायातही विषारी बेडकाच्या दंशाचे वर्णन आहे. तिथे तर एकाच दाताची खूण, सूज, वेदना, पिवळेपणा, तहान, वांती आणि झोप इतका तपशील आहे.

आता ज्याने थोडेसेही प्राणिशास्त्र वाचले आहे तो इथे थांबेल. बेडूक चावतो? आणि चावून विष भरतो? भेकाला तर दातच नसतात. तळ्यातल्या मोठ्या बेडकाच्या वरच्या जबड्यात बारीक दात असतात, पण ते निसटते भक्ष्य धरून ठेवण्यापुरते. त्यांत विषाची नळी नाही, मागे विषाची पिशवी नाही.

या ठिकाणी वाचकांचे दोन पंथ होतात. एक पंथ म्हणतो, जुन्या वैद्यांनी ऐकीव गोष्टी लिहून ठेवल्या, सोडून द्या. दुसरा म्हणतो, जगात विषारी बेडूक आहेत हे विज्ञानाला विसाव्या शतकात कळले, आमच्या ऋषींना ते आधीच माहीत होते. दोन्ही पंथांत एक साम्य आहे. दोघांपैकी कुणीही तो अध्याय पुढेमागे वाचलेला नसतो.

मागे वाचले तर कल्पस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात एक फार मोलाची यादी सापडते: प्राण्यांच्या शरीरात विष कुठे कुठे राहते याची. अशी १६ स्थाने दिली आहेत. दृष्टी, श्वास, दाढा, नखे, मूत्र, विष्ठा, लाळ, पित्त, हाडे, अंगावरची काटेरी लव, इतकेच काय, मेलेल्या प्राण्याचे शवसुद्धा त्यात आहे. कोणत्या प्राण्याचे विष कुठे, हेही सांगितले आहे. बेडूक तिथे मांजर, कुत्रा, माकड, मगर, घोरपड यांच्या रांगेत बसवला आहे: दात आणि नखे यांत विष असणारे प्राणी.

त्या १६ स्थानांत त्वचा नाही.

ही गैरहजेरी विशेष अशासाठी की त्याआधीच्या अध्यायात स्थावर, म्हणजे वनस्पती-खनिजांच्या, विषाची १० स्थाने सांगितली आहेत: मूळ, पान, फळ, फूल, साल, चीक, गाभा, डिंक, खनिज आणि कंद. साल आहे, आणि तिच्यासाठी शब्द ‘त्वक्’ हाच आहे. झाडाच्या त्वचेत विष असते हे काशीच्या वैद्याला ठाऊक होते. प्राण्याच्या त्वचेत ते असू शकते ही कल्पना त्याच्या वर्गीकरणात नव्हती. तेव्हा त्याच्यापुढे जर बेडकामुळे आजारी पडलेला माणूस आला असेल, तर त्याला ते विष कुठेतरी ठेवणे भाग होते. त्याने ते दातांत ठेवले. लक्षणे खरी आणि पत्ता चुकलेला, असे वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळदा झालेले आहे.

बरोबर पत्ता ज्यांना माहीत होता ते लोक काशीपासून अर्ध्या पृथ्वीवर राहत होते. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत, जगातल्या अत्यंत पावसाळी जंगलांपैकी एकात, एंबेरा लोक फुंकनळीतून उडवायच्या काड्यांना बेडकाचे विष लावत. चार्ल्स स्टुअर्ट कॉक्रेन नावाचा ब्रिटिश नौदल अधिकारी १८२३–२४ मध्ये कोलंबियात फिरला आणि १८२५ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने ही रीत नोंदवली. इथे एक गैरसमज दूर करतो. ‘बाणविषारी बेडूक’ म्हणून ज्यांचे भडक रंगांचे फोटो आपण पाहतो त्या कुळात दोनशेच्या आसपास जाती आहेत, पण फुंकनळीच्या काड्यांसाठी वापरल्याची खात्रीची नोंद फायलोबेटीस या एकाच वंशातल्या तीन जातींची आहे. बाकीच्यांना हे नाव उगाच चिकटले.

या तिघांतला सर्वांत भयंकर बेडूक विज्ञानाच्या दप्तरात फार उशिरा आला. चार्ल्स मायर्स, जॉन डेली आणि बोरिस माल्किन यांनी १९७८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘फायलोबेटीस टेरिबिलिस’ हे नाव दिले. जेमतेम पावणेदोन-दोन इंचांचा, सोन्यासारखा पिवळा. त्याच्या एकट्याच्या कातडीत साधारण १ मिलिग्रॅम विष. इतर दोन जातींचे विष काढायला बेडकाला काडीवर टोचून आचेजवळ धरावे लागे. याच्या बाबतीत जिवंत बेडकाच्या पाठीवर काडीचे टोक घासले की काम झाले.

विषाचा रासायनिक शोध त्याआधीच, १९६०च्या दशकात, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नहार्ड विटकॉप यांच्या गटाने सुरू केला होता. तरुण डेली त्यांतलेच. ताकाशी तोकुयामा यांनी रेणूची उकल चालवली, इझाबेला कार्ल यांनी क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासली आणि १९६८–६९ पर्यंत ‘बॅट्रॅकोटॉक्सिन’ कागदावर उतरले. ‘बॅट्रॅकॉस’ म्हणजे ग्रीकमध्ये बेडूक. मज्जातंतूंत आणि स्नायूंत सोडियमचे अणू आत सोडणाऱ्या बारीक खिडक्या असतात. त्या क्षणभर उघडतात आणि मिटतात, त्यावरच संदेशवहन चालते. बॅट्रॅकोटॉक्सिन त्या खिडक्या उघड्याच ठेवते. मग संदेश थांबतो, स्नायू आखडतो आणि हृदयाचा ठोका बिघडून ते बंद पडते.

इथे काशीकडे पुन्हा एकदा वळावेसे वाटते. सुश्रुताने कंदविषांत ज्याची गणना केली ते वत्सनाभ, म्हणजे आपला बचनाग. हिमालयाच्या परिसरात बाणांना लावायचे विष म्हणून तो प्रसिद्ध होता. त्यातले अ‍ॅकोनिटिन सोडियमच्या याच खिडक्यांवर, आणि खिडकीच्या त्याच जागी जाऊन बसते, जिथे बॅट्रॅकोटॉक्सिन बसते. हिमालयातला शिकारी आणि कोलंबियातला शिकारी यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. एकाने कंद उकरला, दुसऱ्याने बेडूक धरला, आणि दोघांचे बाण शरीरातल्या एकाच कुलपाशी पोचले.

तर विषाचा पत्ता त्वचेत मिळाला, प्रकरण संपले, असे १९७०च्या दशकात कुणालाही वाटले असते. तसे झाले नाही. टेरिबिलिस बेडूक प्रयोगशाळेत पाळून त्यांची पैदास करण्यात आली. जंगलातून आणलेल्या बेडकांत वर्षानुवर्षे विष टिकून होते. पण बंदिवासात जन्मून वाढलेल्या त्यांच्या पिल्लांत विषाचा मागमूस नव्हता. डेली आणि सहकाऱ्यांनी १९८० साली हे प्रसिद्ध केले. रंग तोच, रूप तेच, आईबाप तेच, आणि बेडूक निरुपद्रवी. म्हणजे त्वचा ही विषाची फक्त कोठी होती. धान्य बाहेरून येत होते. पुढच्या वर्षांत विषारी अल्कलॉइड शिंपडलेल्या फळमाश्या खाऊ घालून असे बेडूक ते त्वचेत साठवतात हे दाखवले गेले. या कुळातल्या इतर बेडकांच्या विषांचे मूळ मुंग्यांत आणि अगदी बारीक माइट किड्यांत सापडले.

बॅट्रॅकोटॉक्सिनचा धागा तर थेट न्यू गिनीत निघाला. तिथल्या पिटोहुई नावाच्या पक्ष्याच्या पिसांत आणि कातडीत तेच विष असल्याचे जॅक डम्बाकर यांनी १९९२ मध्ये दाखवले. बेडूक अमेरिकेतला, पक्षी न्यू गिनीचा, आणि विष एकच! २००४ मध्ये त्यांना त्या पक्ष्यांच्या आहारातला कोरेसिने वंशाचा एक लहान भुंगेरा सापडला. त्यात हे विष होते. त्या भुंगेऱ्याला गावकरी ‘नानिसानी’ म्हणत, आणि तिथल्या एका विषारी पक्ष्यालाही याच नावाने ओळखत. स्पर्शाने तोंडाला येणाऱ्या झिणझिण्यांवरून पडलेले ते नाव. पक्षी आणि किडा यांचा संबंध गावाच्या भाषेत आधीच नोंदलेला होता. मला या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत हृद्य वाटते.

विषाचा पत्ता आहारात असल्यामुळे पत्ता हरवूही शकतो. इक्वाडोरमधल्या एका लहान बेडकाच्या कातडीतून डेली यांनी १९७४ मध्ये एका अज्ञात द्रव्याचा अर्क काढला. उंदरांवर ते मॉर्फिनच्या २०० पट वेदनाशामक ठरले. रचना कळायला १९९२ उजाडले, कारण द्रव्य अत्यल्प होते आणि पुन्हा गोळा करायला गेल्यावर ते बेडकांत सहज मिळेना. पाळलेल्या बेडकांत तर नव्हतेच. एपिबॅटिडिन हे त्याचे नाव. ते औषध म्हणून फारच घातक ठरले, पण त्याच्या धर्तीवर बनवलेल्या रेणूंवर पुढे पुष्कळ काम झाले. जंगलाचा तुकडा तोडला की किडे बदलतात, किडे बदलले की बेडकाची कोठी रिकामी होते, आणि त्या बेडकाचा फोटो मात्र तसाच भडक येत राहतो.

आता शत्रूंकडे. इतके विष बाळगणाऱ्याला कुणी खात असेल का? खाणारा आहे. एरिथ्रोलँप्रस एपिनेफेलस नावाचा एक मध्यम आकाराचा साप टेरिबिलिसचा ज्ञात असा एकमेव नैसर्गिक शत्रू मानला जातो, आणि तोही बहुधा लहान बेडकांवरच हात टाकतो. इतर अनेक विषारी बेडूक-भेकही त्याच्या आहारात आहेत.

आणि बेडूक स्वतःच्या विषाने का मरत नाही? २०१७ मध्ये एक सुटसुटीत उत्तर पुढे आले होते: सोडियमच्या खिडकीतला एकच अमिनो आम्लाचा घटक बदललेला असावा. उंदराच्या खिडकीत तो बदल केला की ती विषाला दाद देत नव्हती. २०२१ मध्ये डॅनियल मायनर यांच्या गटाने प्रत्यक्ष बेडकाच्या आणि पिटोहुईच्या खिडक्या तपासल्या. त्या विषापुढे चांगल्याच हळव्या निघाल्या. मग त्यांनी दुसरा तर्क मांडला: शरीरात विषाला शोषून घेणारी प्रथिने असावीत, ती त्याला खिडकीपर्यंत पोचूच देत नसावीत. २०२३ मध्ये अशा बेडकांच्या रक्तात अल्कलॉइडला धरून ठेवणारे एक प्रथिन सापडलेही. सुटसुटीत उत्तर चार वर्षे टिकले.

हे सगळे परदेशी नाट्य. पण त्या रात्री काशीच्या गल्लीत माझ्यासमोर बसलेला प्राणीही विषाच्या बाबतीत दुबळा नाही. दुत्ताफ्रीनस मेलॅनोस्टिक्टस, श्नायडरने १७९९ साली वर्णिलेला, भारतभर अंगणात, गोठ्यात, न्हाणीघराच्या ओलीत दिसणारा. त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. त्या दाबल्या की दुधट चिकट स्राव येतो. त्यातली बुफाडायनोलाइड ही द्रव्ये भेक स्वतःच, कोलेस्टेरॉलपासून, तयार करतो. बाणविषारी बेडकाचे विष उसने, आपल्या भेकाचे घरचे. जॉन जेकब एबल आणि डेव्हिड माक्ट यांनी १९११ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या भेकाच्या ग्रंथींतून असेच द्रव्य वेगळे काढले. त्याचा हृदयावरचा परिणाम डिजिटॅलिससारखा होता. कारण पुढे कळले: दोन्ही द्रव्ये पेशीतला सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा पंप अडवतात. हा पंप येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये दाखवला आणि १९९७ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळाले.

कुत्र्याने भेक तोंडात धरला तर काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते विसरता येत नाही. तोंडाला फेस येतो, लाळ गळत राहते, कुत्रा डोके झटकतो, वांती करतो. माणसांनी चुकून किंवा भुकेपोटी भेक खाल्ल्याने मृत्यू आल्याच्या नोंदी लाओससारख्या देशांतून आहेत. त्यांत वांती आणि मंदावलेले हृदय ही लक्षणे असतात. आता कल्पस्थानातली यादी पुन्हा वाचा: दंशाच्या जागी खाज, तोंडातून फेस, दाह, वांती, मूर्च्छा. ही चाव्याची लक्षणे वाटत नाहीत. हा प्राणी हाताळला गेला, तोंडापाशी गेला किंवा पोटात गेला, तर दिसणारी ही लक्षणे आहेत.

आणि अधिक घातक अशा दोघांपैकी एकाचे नाव भृकुटी.

भृकुटी म्हणजे भुवई, रागाने आकसलेली भुवई. डोळ्यांवर काळ्या काठाचे उंचवटे असलेला, उत्तर भारतात सर्वत्र आढळणारा, आणि खरोखर विषारी असलेला असा एकच प्राणी माझ्या समोर दिव्याखाली बसला होता. हा माझा तर्क आहे, सिद्धान्त नाही. नाव आणि लक्षणे जुळतात, इतकाच त्याला आधार. संस्कृत प्राणिनामांची ओळख पटवणे हे निसरडे काम आहे आणि त्यात हौशी माणसाने पाय जपून टाकावा हे मला मान्य आहे. कोटिक कोण, यावर तर मी तर्कही करणार नाही. पण कुणी आयुर्वेदाचा विद्यार्थी आणि कुणी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी एकत्र बसले, तर या आठ नावांवर चांगले काम होऊ शकेल. साधनांची वाण नाही. मधुसूदन गुप्तांनी १८३५–३६ मध्ये कलकत्त्याला संहिता छापली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने, म्हणजे जावजी दादाजींच्या छापखान्याने, यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली आणि डल्हणाच्या टीकेसह असलेली आवृत्ती काढली. ती आजही प्रमाण मानतात. काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकवणारे भास्कर गोविंद घाणेकर हे मराठी वैद्य संहितेच्या काही स्थानांवर आधुनिक शरीरशास्त्राशी ताडून पाहणारी हिंदी टीका लिहून गेले. त्याच विश्वविद्यालयातले प्रियव्रत शर्मा यांनी पुढे संपूर्ण संहिता इंग्रजीत आणली. घाणेकरांच्या चालीने कुणी कल्पस्थानाला प्राणिशास्त्राशी ताडून पाहील तर काय हवे!

मात्र ताडून पाहताना सगळे जुळलेच पाहिजे असा हट्ट नको. त्याच अध्यायात कोळ्यांची उत्पत्ती वसिष्ठांच्या क्रोधाने आलेल्या घामाच्या थेंबांपासून सांगितली आहे. निरीक्षण आणि आख्यान एका पानावर नांदतात. भृकुटीची लक्षणे पटली म्हणून वसिष्ठांचा घाम पटवून घ्यायला नको, आणि घाम पटला नाही म्हणून लक्षणे फेकून द्यायला नकोत.

दंशाबद्दलही एक गंमत नोंदवली पाहिजे. बेडूक विष टोचू शकत नाही हे विधान मी वर ठामपणे केले, ते भारतातल्या बेडकांपुरते वाचावे. ब्राझीलमध्ये कार्लोस जारेड बेडूक गोळा करत असताना एका बेडकाने त्यांच्या हातावर डोके घासले. पाच तास हात वेदनेने ठणकत राहिला. तपासात कळले की त्या बेडकाच्या कवटीच्या कडेला ओठांपाशी बारीक हाडांचे काटे आहेत आणि ते विषग्रंथींतून बाहेर येतात. टक्कर दिली की काटा टोचतो आणि विष आत जाते. अशा दोन जातींचे वर्णन २०१५ मध्ये आले. त्यांतल्या एकीचे विष तिथल्या बोथ्रॉप्स सापाच्या विषापेक्षा कितीतरी जहाल भरले. दाताने नव्हे, डोक्याने. पण टोचणारा बेडूक जगात आहे.

भेकाच्या शत्रूंची कथा तर आपल्याच दारातली आहे. पंचतंत्रात बेडूक आणि साप यांच्या दोन गोष्टी आहेत. एकीत मंदविष नावाचा म्हातारा साप बेडकांचे वाहन होतो आणि त्यांनाच खातो. दुसरीत गंगदत्त नावाचा बेडूकराजा भाऊबंदांचा काटा काढायला प्रियदर्शन नावाच्या सापाला स्वतःच विहिरीत आणतो. दोन्हींत साप निर्धास्तपणे गिळतो. कथाकाराला रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण इतके बरोबर आहे की नाग, धामण आणि तळ्याकाठची दिवड भेक खाऊन खुशाल राहतात. घोरपडही खाते. हे कसे, याचा अभ्यास २०१५ मध्ये बियाता उज्वारी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. भेकाचे विष ज्या पंपावर बसते त्याच्या रचनेत या प्राण्यांत मोजक्याच ठिकाणी बदल झालेले आहेत. भेक खाणारे साप, आशियातल्या आणि आफ्रिकेतल्या घोरपडी, साळूसारखा दिसणारा काटेरी जाहक, अशा दूरदूरच्या वंशांत जवळजवळ तेच बदल स्वतंत्रपणे घडले. जिथे भेक तिथे तो बदल. ऑस्ट्रेलियातल्या घोरपडींचे पूर्वज भेक नसलेल्या भूमीवर पोचले आणि वंशजांत हे संरक्षण उरले नाही. १९३५ मध्ये उसावरच्या भुंगेऱ्यांसाठी तिथे अमेरिकेचा मोठा भेक सोडला गेला, तेव्हा त्याची किंमत या घोरपडींनी चुकवली.

तीच गोष्ट आता आपल्या काळ्या भुवईच्या भेकाकडून घडते आहे. २०१४ मध्ये तो मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ आढळला. तिथे पोचलेली पिलावळ आग्नेय आशियातून, बहुधा मालाच्या पेट्यांतून गेलेली. मादागास्करला भेकांचा कुठलाही स्थानिक वंश नाही. २०१८ मध्ये तिथल्या ७७ जातींच्या प्राण्यांचा पंप जनुकांतून तपासला, तेव्हा विषाला तोंड देऊ शकेल असा एकच निघाला, एक पांढऱ्या शेपटीचा उंदीर. बाकीच्यांना या पाहुण्याची ओळख त्याला गिळल्यावरच होणार.

जपानमधल्या एका पाणसापाने तर शत्रुत्वाचा आणखी एक वळसा घेतला आहे. रॅब्डोफिस टायग्रिनस हा साप भेक खातो आणि त्यांचे विष मानेवरच्या ग्रंथींत साठवून स्वतःच्या रक्षणासाठी वापरतो. हे २००७ मध्ये सिद्ध झाले, आणि तेही बेटांच्या तुलनेतून. किंकासान नावाच्या बेटावर भेक नाहीत; तिथल्या सापांच्या मानेत हे विषही नाही. भेकांनी भरलेल्या बेटावरची सापीण मात्र ते पिल्लांनाही देते. टेरिबिलिस मुंगी-भुंगेऱ्यांकडून उसने घेतो, तसा हा साप भेकाकडून.

ब्रह्माघाटाच्या त्या दिव्याखाली शेवटी एक कुत्रे आले. गल्लीतले, जाणते. त्याने तिन्ही भेकांना लांबून हुंगले. भुवयांचा भेक पाय ताठ करून फुगला आणि डोके खाली घालून ग्रंथी पुढे केल्या. कुत्रे क्षणभर उभे राहिले, मग भिंतीच्या कडेने वळसा घालून निघून गेले.